काळा थेंब

सोईने पोरीची हनुवटी झटक्यात मागे ओढली. डॉक्टरीणबाईंच्या हातातला बारीक ब्रश हवेतच राहिला.

"आधी सांगा, हे काय आहे?"

"औषध. कीड इथेच थांबेल. ठणका वाढायच्या आत." बाईंनी न लपवता पुढचंही सांगितलं, "पण किडलेली जागा काळी पडेल. दुधाचा दात पडेपर्यंत तशीच राहील."

काळी! सोईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची एन जेमतेम चार वर्षांची, पुढचे दोन दात किडलेले. आता ते काळे करायचे?

"शहरातल्या पोरांना पांढरं भरता, आणि आमच्या लू लोकांच्या पोरांना हे होय?"

"शहरातही हेच लावतो, ताई. तिथल्या आयाही असंच भांडतात."

सोईला ते पटलं नाही. तिची नजर बाकावर बसलेल्या सासूकडे गेली. फे म्हातारीचे दात वस्तीतल्या साऱ्या जुन्या लू बायकांसारखे, शोभा म्हणून रंगवून रंगवून काळेभोर झालेले. सोई सून होऊन आली तेव्हा याच बाईने, कुत्र्यासारखे पांढरे दात घेऊन आलीस, असा टोमणा मारला होता. आणि काल हीच गुपचूप दवाखान्यात येऊन गेली होती. विचारलं तर म्हणे, सहज.

सहज कसलं! डाव होता सगळा.

"तुम्हीच सांगितलंत ना यांना? सून हाताला लागली नाही, आता नात काळी करायची?"

डॉक्टरीणबाईच चाचरत म्हणाल्या, "अहो, या औषधाचं कुठूनसं ऐकून त्या काल माझ्या पाया पडत होत्या. काहीही करा, पण पोरीचे दात काळे करू नका म्हणून."

सोई सासूकडे वळली.

"तुम्ही? तुम्हाला तर काळेच दात आवडतात."

"मला आवडतात गं," म्हातारी म्हणाली. "पण ही पुढे शहरात शिकायला जाणार. तिथे बाजारात लोक माझ्या तोंडाकडे कसे बघतात, ठाऊक आहे मला." मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या लग्नात फोटो काढताना तूही म्हणालीसच की, आई, तोंड मिटून हसा."

सोईचा चेहरा खर्रकन उतरला. ती कधी असं बोलली होती, हे तिला आठवतही नव्हतं. म्हातारीच्या आवाजात राग असता तर तिने उलटून चार शब्द सुनावले असते. पण राग नव्हताच.

एन ओठांवर हात धरून मुळुमुळु रडू लागली. सकाळचा चिकट भातही तिने पुढच्या दातांना लागताच टाकून दिला होता.

सोईने तिला मांडीवर घेतलं, हनुवटी वर केली.

"लावा," ती बाईंना म्हणाली.

ब्रश दातांवरून फिरला. औषधाच्या चवीने तोंड वेंगाडत एनने आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, आता मीपण तोंड मिटून हसायचं?"