थोरल्या वारिनचा दिवस

या, चुलीच्या उबेला असे सरकून बसा. एका बाळाची गोष्ट सांगते. गोष्ट लहानच आहे, बाळही लहानच होतं. माझा आवाज आता ओढत चालतो, तेवढं सांभाळून घ्या.

अ‍ॅशविकचे बॅरन हॅमो लढाईला गेले ते आलेच नाहीत. मुलगा वारिन तेव्हा पाच वर्षांचा. अशा पोरक्या वारसाच्या जमिनीवर, त्याला एकविसावं पुरं होईपर्यंत, राजा पालक नेमतो. आमच्या वाट्याला आलेल्या पालकाने आधी घोडे नेले, मग मधमाश्यांची पोळी नेली, आणि शेवटी ओकच्या रानाला कुऱ्हाड लावली. वारिनला त्याने दूर आपल्या घरी ठेवलं होतं. वारिनची आई, आमच्या हॅविसबाईसाहेब, स्वतःच्याच घरात दोन खोल्यांत राहायच्या. बाकीच्या खोल्यांत पालकाचे कुत्रे. दिवसभर झाडं पडल्याचे आवाज कानावर यायचे. अशी पंधरा वर्षं गेली. माणूस रडूनही थकतो हो. पुढे पुढे त्या नुसत्या बसून असत.

रानाचे दोन हिस्से गेले होते. तिसरा पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकला नसता, आणि त्याच रानातल्या ओकफळांवर गावाची डुकरं जगतात. वारिन सज्ञान झाला असं ठरलं, तरच कुऱ्हाड थांबणार होती.

वय ठरवायची आमच्याकडे एकच रीत. लिहून ठेवलेलं काही नसतं. गावातले बारा जण शपथ घेऊन सांगतात, की बाळ जन्मलं आणि त्याचा बाप्तिस्मा झाला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी माझं असं असं झालं होतं.

गिरणीवाल्या ऑस्बर्टने बोटांवर मोजून सांगितलं, वारिनला त्या हिवाळ्यात, सेंट अ‍ॅगथाच्या दिवशी, एकविसावं पुरं झालं. बाईसाहेबांना कोणी विचारायच्या आत ते गावभर झालं, आणि राजाचा अंमलदार चर्चात येऊन बसला.

छपरं शाकारणारा वायमंड पहिला उभा राहिला. म्हणाला, त्या दिवशी बर्फावरून पाय घसरून मी कोठारावरून पडलो, तेव्हापासून लंगडतोय.

"बर्फाला कशाला नाव ठेवतोस, गड्या," ऑस्बर्ट म्हणाला. "तुला बिअरने ढकललं होतं."

सगळे हसले. मग ऑस्बर्टने सांगितलं की गिरणीचं चाक गोठलं होतं, आणि बाप्तिस्म्याचं पाणीही त्यानेच आपल्या चुलीवर कोमट करून आणून दिलं होतं. कोणाची गाय त्या दिवशी व्याली, कोणाची सासू वारली. बाराही जणांचं एकच, सेंट अ‍ॅगथाचा दिवस आणि गुडघाभर बर्फ.

त्या दिवशी बाळाला बाप्तिस्म्याच्या हौदापाशी मीच नेलं होतं, मी दाई ना. पण ते बाळ म्हणजे हा वारिन नव्हे.

नाव ठेवायचा मान आमच्यात धर्मपित्याचा, आणि तो बहुधा आपलंच नाव देतो. धर्मपिता म्हणून आलेल्या म्हातारबुवा वारिननी बाईसाहेबांच्या पहिल्या बाळाला आपलं नाव दिलं. बाळाला अंगावर पाजायला मी माझ्या गावी, मेरफील्डला नेलं. चाळीस दिवस जगलं. बाळंतपणानंतर बाईसाहेब देवाचे आभार मानायला चर्चात पहिल्यांदा जायच्या होत्या, त्याच दिवशी आम्ही त्याला तिथल्या यू वृक्षाखाली मातीत ठेवलं. पुढच्या वर्षी, बार्लीच्या कापणीत, दुसरा मुलगा झाला. तेच धर्मपिता आले आणि तेच नाव देऊन गेले. सगळं गाव शेतात होतं. कोणाचा पाय मोडला नाही, कोणाची गाय व्याली नाही. मग कोणाला काय आठवणार?

म्हणजे बाराही जण खरंच बोलले होते, पण थोरल्याबद्दल; धाकट्याला एकविसावं पुरं व्हायला अजून दीड वर्ष होतं. चूक कळली होती ती आम्हां दोघींना, आणि बायकांची शपथ कोणी घेत नाही.

पण अंमलदार भला माणूस होता. उठता उठता त्याने विचारलं, "बाईसाहेब, तुम्हाला काही सांगायचंय?"

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर कुऱ्हाड चाललीच होती.

"बर्फ फार पडला होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

आठवड्याभरात पालक कुत्रे घेऊन गेला. वारिन घरी आला. तिसरा हिस्सा अजून उभा आहे, जाऊन बघा.

त्या शरद ऋतूत, मृतांच्या सणाला, गाऊन उपदेश करणारे भटके साधू आले. त्यांच्या गळ्यातून देवाचं नाव निघालं की माझी दुखरी कंबरसुद्धा गप्प बसते. उपदेश झाला की ते घरोघरच्या मेलेल्यांची नावं गातात. बाईसाहेबांनी हॅमोसाहेबांचं नाव सांगितलं, मग आपल्या आईचं. साधूंनी विचारलं, आणखी कोणी? बाईसाहेबांचे ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली, नाही. बारा जणांच्या शपथेने वारिन एकच होता, आणि तो शेजारी बसून गाणं ऐकत होता.

बाहेर येताना त्यांनी माझा हात धरला. "आल्डिथ, त्याच्यापाशी होतं तरी काय गं? एक नाव आणि एक दिवस. दोन्ही काढून मी धाकट्याला दिलं."



बाईसाहेब जाऊन तीन हिवाळे झाले. देवाला दोन्ही वारिन ठाऊक आहेत, त्याची मला काळजी नाही. पण माणसांत आता मी एकटी उरले, आणि मीही दमले. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. सेंट अ‍ॅगथाच्या दिवशी, बर्फ पडो न पडो, मेरफील्डच्या यू वृक्षाखालच्या त्या चाळीस दिवसांच्या बाळाची आठवण काढा. नाव मात्र मोठ्याने घेऊ नका, मनातच घ्या.