सेरेनो कोणत्या योनीतला

खेळाच्या पुस्तकाचं सगळं झालं होतं, एक ओळ सोडून. सेरेनोच्या पानावर त्याचं चित्र होतं, खाली बळ, चपळाई, शहाणपण यांचे आकडे होते. आणि सगळ्यांच्या वर, 'योनी' या शब्दापुढची जागा कोरी होती. पुएब्ला शहरातल्या छापखान्याला सोमवारी फाइल हवी होती.

ही जागा कोरी ठेवून चालत नाही हे लेओबार्दोइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. हालापा शहरातल्या एका शाळेत तो गणित शिकवायचा, आणि रविवारी दुपारी नासारियोच्या पशुखाद्याच्या दुकानामागे मित्रांच्या खेळाचा सूत्रधार व्हायचा. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा फासा आणि प्रत्येकाने घेतलेलं एक सोंग. बाकीचं जग सूत्रधार तोंडाने उभं करतो. त्या जगातला प्रत्येक जीव कुठल्या तरी योनीत बसवावाच लागतो. मनुष्ययोनी, पशुयोनी, यक्षयोनी, कुणीतरी घडवलेले पुतळे, आणि मेल्यानंतर चालणाऱ्यांची प्रेतयोनी. योनी ठरली की कुठला मंत्र त्याला लागतो, कुठला लागत नाही, त्याची जखम कशाने भरते, हे ओळीने ठरत जातं. योनी नसेल तर काहीच ठरत नाही.

सेरेनो कुठेच नीट बसत नव्हता. 'धुक्याचं ठाणं' नावाच्या वेबकॉमिकमधला तो राखणदार, आणि छापायचं पुस्तक याच कॉमिकच्या खेळाचं. सोराइदा त्याचं एक पान दर गुरुवारी काढायची. घाटातल्या ओसाड ठाण्याभोवती तो कंदील घेऊन फिरतो. जेवत नाही. त्याची सावली पडत नाही, वय वाढत नाही. पण एका पानावर तारेने त्याचा तळहात कापला होता आणि रक्त आलं होतं, माणसाचं येतं तसं. वाचक यावरून वर्षानुवर्षं भांडत होते. बहुतेकांचं म्हणणं एकच, प्रेतयोनी. लेओबार्दो यक्षयोनीच्या बाजूने पानापानांचे दाखले देऊन लांबलचक उत्तरं लिहायचा. ती लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे पुरावा असतो की सोराइदाचा चेहरा, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं.

सेरेनो मुळात तिचा नव्हताच. तो तिच्या धाकट्या भावाचा, तादेओचा. रविवारच्या याच टेबलाशी तादेओने हे सोंग पहिल्यांदा घेतलं आणि कित्येक रविवार वागवलं. तो मोबाइलचे टॉवर दुरुस्त करायचा. एकदा कामासाठी किनाऱ्याकडे गेला. त्याची पिकअप गाडी सापडली, दारं उघडी, हत्यारांची पेटी जागच्या जागी. तो सापडला नाही. पुढच्या पावसाळ्यात सोराइदाने सेरेनोचं पहिलं पान काढलं. त्यांची आई, सगळे जिला मानाने दोन्या एउफ्रासिया म्हणत, दर गुरुवारी शेजारणीकडून फोनवर ते पान उघडून घ्यायची आणि सोराइदाला फोन करून एवढंच विचारायची, "चालतोय ना?"

"चालतोय, आई."

शोध सोराइदा घेतच होती. हॉस्पिटलं, तुरुंग, दारू सोडवायची घरं, बसचे अड्डे. भिंतींवर त्याचे फोटो चिकटवायची, ऊन-पावसाने फिके पडले की नवे लावायची. हरवलेल्यांच्या आयांचा एक गट शनिवारी लोखंडी सळया घेऊन रानात कुणी पुरलंय का ते बघायला, जमीन तपासायला जायचा. त्यांनी तिला अनेकदा बोलावलं होतं. ती गेली नव्हती. "त्या खाली बघतात," ती म्हणायची, "मी समोर बघते."

त्या रविवारी बाहेर झिमझिम चालू होती. नासारियोने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मक्याच्या पोत्यांना टेकून खुर्च्या मांडल्या, गोड पावांची पिशवी टेबलावर फोडली. पुस्तकातली शेवटची मोहीम छापण्याआधी एकदा खेळून बघायची होती. सेरेनोचं सोंग सोराइदा घेणार होती.

"आधी त्या ओळीचं बोलू," लेओबार्दो म्हणाला.

"लिही, माहीत नाही."

"तशी योनी नाही, सोराइदा."

"मग काढ नवी. पुस्तक तूच लिहितोयस ना?"

"काढली तर तिला काय काय लागतं तेही लिहावं लागेल. जखम भरायचा मंत्र लागतो का, मेलेल्यांशी बोलायचा लागतो का. कुणीतरी विचारणारच."

"माझ्या मेव्हण्याची योनी ठरवा आधी," नासारियो कॉफी ओतत म्हणाला. "तो जेवतो, बाकी काहीच करत नाही."

"तो घडवलेला पुतळा," यादिरा म्हणाली. ती दातांची डॉक्टर, जानेवारीपासून यायला लागली होती. "घडवणाऱ्याला आता पस्तावा होत असेल."

सोराइदा हसली. मग लेओबार्दोकडे वळली. "तुझं मत यक्ष ना?"

"हो."

"यक्ष म्हणजे जिवंत?"

"जिवंत. फक्त आपल्यासारखा नाही."

"मग यक्ष लिही. संपलं."

त्याने पेन्सिलीने लिहून घेतलं. त्याला हायसं वाटलं.

खेळ चांगला रंगला. धुक्यातून ठाण्यावर सांगाडे चालून आले, ओळीच्या ओळी. नासारियोचा भाडोत्री सैनिक पहिल्याच झटापटीत खाली पडला. "लिहून ठेवा," तो म्हणाला, "मी शूरासारखा पडलो. बायकोला सांगताना पाठीवरचा घाव सांगू नका." सांगाड्यांनी दार फोडलं. सेरेनो कंदील घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या मागे यादिराची जोगीण.

"मी क्रूस वर करते," यादिरा म्हणाली. "प्रेतांना हाकलायची प्रार्थना. हाकेच्या टप्प्यात जेवढे असतील तेवढ्यांवर."

ही प्रार्थना लेओबार्दोने आजवर शेकडो वेळा निकाली काढली असेल. टप्प्यातल्या प्रत्येक प्रेताने फासा टाकायचा. वरचा आकडा आला तर टिकायचं, नाहीतर पळायचं. त्याने नकाशावर बोट फिरवलं. एकेक सांगाडा मोजत, फासा टाकत गेला. हा पळाला, हा पळाला, हा टिकला. बोट दारापर्यंत आलं.

"सोराइदा, तुझा फासा," तो म्हणाला.

आणि त्याने बोट नकाशावरून उचललं.

या टेबलाचा एक शिरस्ता होता. सूत्रधार उगाच फासा मागत नाही. ज्याला मंत्र लागत नाही त्याला तो विचारतच नाही, पुढे जातो. फासा मागितला म्हणजे मंत्र लागला.

यादिराला अजून कळलं नव्हतं. "पण तो तर यक्ष ना?" ती म्हणाली. "मग त्याला कशाला?"

नासारियोने हातातला पाव खाली ठेवला.

"चुकलो," लेओबार्दो म्हणाला. "सांगाड्यांच्या ओघात निघालं. मागे घेतो. त्याला काही लागत नाही. यादिरा, पुढे."

"इथे मागे घेत नाहीत," सोराइदा म्हणाली.

ते खरं होतं. टेबलाशी बोललेलं खोडायचं नाही हा नियम तादेओनेच घालून दिला होता. खेळात नासारियोचं सोंग झुलत्या पुलावरून पडलं आणि नासारियोने मी पाय टाकलाच नव्हता म्हणून तासभर वाद घातला, तेव्हा.

"सोराइदा, सवय असते ती. बोट फिरतं, तोंड चालतं."

"तेच म्हणतेय. विचार केलास तेव्हा यक्ष म्हणालास. विचार न करता हे म्हणालास." तिचा आवाज चढला नव्हता. "किती दिवसांपासून?"

लेओबार्दोने नकाशाचा वळलेला कोपरा सरळ केला.

"नासारियो, तू?"

नासारियो मक्याच्या पोत्याकडे बघत राहिला. "मी तादेओची खुर्ची कधी कुणाला दिली नाही," तो म्हणाला. "एवढंच."

"ते विचारलं नाही मी."

"माहीत आहे."

छतावर पाऊस वाजत होता. यादिराने क्रूस म्हणून धरलेली पेन्सिल हळूच टेबलावर ठेवली. सोराइदाने फासा उचलला, मुठीत धरला आणि टाकला. सतरा आले.

"टिकला," लेओबार्दो म्हणाला.

"टिकला म्हणजे काय होतं?"

"पळत नाही. जागच्या जागी उभा राहतो."

"पण लागलं त्याला."

"हो."

"मग पुढे चल. माझी पाळी कधी येते ते सांग."

त्यांनी मोहीम शेवटपर्यंत खेळली. सेरेनोने दार सोडलं नाही. कुणी थट्टा केली नाही, नासारियोनेही नाही. आवराआवर करताना सोराइदाने पेन्सिली एकेक करून डब्यात भरल्या. लेओबार्दोने मघाशी लिहिलेला शब्द तिने खोडरबराने पुसला आणि वरचा चुरा फुंकून टाकला.

"प्रेतयोनी लिही."

"घाई नाही. मी छापखान्याला सांगतो, आणखी एक आठवडा..."

"लिही म्हटलं ना, लेओ." मग ती नासारियोकडे वळली. "शनिवारी तुझी गाडी मोकळी आहे?"

"आहे. कशाला?"

"त्या बायकांना गाडी कमी पडते. दर वेळी सांगतात."

सोमवारी लेओबार्दोने फाइल पाठवली. पाठवण्याआधी ते पान त्याने पुष्कळ वेळ उघडं ठेवलं. हिशेबात चूक नव्हती. सावली, अन्न, वय, सगळे दाखले त्या शब्दाशी जुळत होते. पहिल्या दिवसापासून जुळत होते. न जुळणारं एकच होतं, हातातून आलेलं रक्त, आणि ते पान तिने कधी काढलं हे त्याला आठवत होतं. किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात बिनओळखीचा तरुण आणलाय असा फोन आला होता, त्या आठवड्यात. तो दुसराच कुणी निघाला होता.

गुरुवारचं पान आलं. सेरेनो ठाण्याच्या दारात थांबला होता. कंदील त्याने जमिनीवर ठेवला होता, अजून पेटलेला. त्या संध्याकाळी सोराइदा आईकडेच होती. दोन्या एउफ्रासियाने शेजारणीच्या हातातला फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"थांबला का?" तिने विचारलं.

"थांबला, आई."

दोन्या एउफ्रासियाने फोन शेजारणीला दिला आणि चुलीवरचं बीन्सचं भांडं उतरवायला उठली. भांडं उतरवून तिने त्यावर झाकण ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "शनिवारी मीही येते."

"गुडघे दुखतात तुझे."

"गाडीत बसेन."

शनिवारचं ते रान किनाऱ्याकडे, उसाच्या पल्याड होतं. नासारियोच्या गाडीतून लेओबार्दोही आला होता. दोन्या एउफ्रासिया गाडीत दार उघडं टाकून बसली, मांडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. सळई गटातल्या जुन्या बाईने, दोन्या चेलोने, सोराइदाच्या हातात दिली. माणसाच्या खांद्याएवढी उंच, वर आडवी मूठ.

"जमीन बसकी दिसेल, नाहीतर गवत वेगळं दिसेल, तिथे रोवायची," दोन्या चेलो म्हणाली. "या गुरुजींना घण मारू दे. खोल गेली की फिरवून काढायची, टोक नाकाशी नेऊन वास घ्यायचा. पहिल्यांदा वाटतं, आपल्याला कसं कळणार. कळतं, पोरी. तेव्हा मला हाक मार. एकटी उकरू नकोस."

लेओबार्दोने घण मारला. जमीन वर कडक होती, खाली मऊ लागली. सोराइदाने सळई फिरवत वर ओढली, टोकाची माती बोटाने न पुसता नाकाशी धरली आणि डोळे मिटले. घण खाली टेकवून तो थांबला. त्या फाशाबद्दल आठवडाभर त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, ते अजून जमलं नव्हतं.

"काय?" त्याने विचारलं.

"माती."

गाडीपाशी दोन्या एउफ्रासिया उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. सोराइदाने तिच्या दिशेने मान हलवून नाही म्हटलं, एक पाऊल पुढे सरकली आणि सळई पुन्हा रोवली.

"मार," ती म्हणाली.