आणखी एक पापुद्रा

...रेघ तिथंच होती. दिवा कलता केला की दिसायची, सरळ केला की नाहीशी व्हायची — केसाहून बारीक, स्फटिकाच्या लालसर काळ्या आरशावर आडवी. चिगुसा कुदोनं श्वास रोखून चिमटा फिरवला. नखाएवढा तुकडा, आणि इतका मऊ की हातमोज्यातल्या बोटाचाही वळ उठावा. घासून गुळगुळीत करायची सोय नाही. चिकटपट्टी लावून अभ्रकासारखा पापुद्रा सोलायचा, खालून जो चेहरा निघेल तो आपला म्हणायचा.

आणि हा शेवटचा. तिचे प्राध्यापक ओनोदेरा सेन्सेई मार्चअखेर निवृत्त होणार, त्यांच्याबरोबर प्रयोगशाळाही मिटणार — रीतच तशी. स्फटिक वाढवायच्या भट्ट्या तर थंडही झाल्या होत्या. आज पलीकडच्या विभागाची माणसं येणार. दोन अवरक्त किरण या स्फटिकातून जातील, आणि त्यांच्या वारंवारतेतला फरक तेवढा वेगळा होऊन, डोळ्यांना न दिसणारी टेराहर्ट्झ लहर म्हणून बाहेर पडेल. पुरेशी पडली, तर चिगुसा आणि तिच्या भट्ट्या तिकडे जातील. नाही पडली तर भट्ट्या भंगारात, आणि ती... पुढचं वाक्य तिला येत नव्हतं.

"कुदोसान, अजून सोलताय?" लेसर लावणारा हागा दारातून डोकावला, हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा. "कांदा आहे का तो? अशानं मला नुसता वास मोजावा लागेल."

"रेघ आहे."

"असू दे की! मी किरण बाजूनं पाठवतो. सेन्सेईंच्या कपाळावर काय कमी रेघा आहेत? चाललंय ना त्यांचं!"

तो गेला. ती हसली होती, पण... बाजूनं. आईला नसतं चाललं. आई गल्लीतल्या मुलांना कुंचल्यानं अक्षरं शिकवायची. एकदा ओढलेल्या फराट्यावर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही; फिरवलाच, तर आई कागद खिडकीशी धरायची, दुहेरी शाई उजेडात गडद दिसायची, आणि आवाज न चढवता म्हणायची, "नवा कागद घे, चिगुसा." रागावली असती तर बरं. नवा कागद नेहमी असायचाच, गठ्ठेच्या गठ्ठे — म्हणून एकही अक्षर कधी पुरं झालं नाही. मग तेच अंगवळणी पडलं: एका डागासाठी महिनोन्‌महिने वाढवलेला स्फटिक टाकून द्यायचा, ठरत आलेलं लग्न मोडायचं... पण ही रेघ खरंच प्रकाशाच्या वाटेत येते, की माझ्याच? आता खिडकीशी कोण उभं आहे? मी कुणासाठी सोलते आहे?

तिनं खाली पाहिलं. चिकटपट्टी स्फटिकावर बसलेली होती.

कधी लावली? मन तिकडे होतं तेव्हा हातानं आपलं नेहमीचं काम उरकलं होतं — लावली, वरून अलगद दाबलीसुद्धा. आता पट्टी निघेल ती पापुद्रा घेऊनच. सरळ निघाला तर खाली स्वच्छ आरसा. तिरका फाटला तर उरेल सुरकुतलेला, निरुपयोगी पत्रा.

"कुदोसान, पाहुणे जिन्यात आहेत हं!" हागा बाहेरून ओरडला.

"आलेच."

एरवी या क्षणी चूक कुठे निघेल ते ती आधीच हेरून ठेवायची. आज मात्र, पट्टीचं टोक चिमट्यात धरताना तिच्या ध्यानात आलं, की खालची ही जागा आजवर कुणीच पाहिलेली नाही. भट्टीतल्या अंधारात थरावर थर बसले, तेव्हापासून ती मिटलेली आहे. ती निर्दोष निघेल का, हा प्रश्न कुठेतरी मागे राहिला होता. ती कशी आहे, एवढंच जाणून घ्यावंसं वाटत होतं — इतकं साधं, इतकं अनोळखी वाटणं, की तिला क्षणभर स्वतःचीच गंमत वाटली. तिनं ओढायला सुरुवात केली, हळू, अगदी कडेपासून...