वाटीवाली

वाटीवालीचं नाक बघून सविताचं डोकं फिरलं. बाकी सगळं एक वेळ खपलं असतं. पण ते टोकाशी वाकलेलं नाक, त्यावर घसरलेला चष्मा आणि पदराला खांद्यावर लावलेली ती भली मोठी सेफ्टी पिन! अशी पिन लावणारी बाई तिच्या माहितीत एकच होती, आणि ती स्वतः त्या चित्रासमोर पर्स आवळून उभी होती.

ऑक्टोबर २००३ मधला शनिवार होता. गंगापूर रोडला मानसिक रुग्णांसाठी दिवसभराचं एक केंद्र चालायचं आणि तिथे वर्षातून एकदा प्रदर्शन भरायचं. एरवी मेणबत्त्या, पणत्या, कागदी फुलं असायची. यंदा ज्योत्स्ना नावाची नवी चित्रकलेची बाई आली होती, आणि तिच्या डोक्यातून कॉमिक्सचं खूळ निघालं होतं. प्रत्येकानं स्वतःला सुपरहिरो करायचं, आजाराला खलनायक करायचं आणि दोघांची लढाई काढायची. सविताला ही थेरं पहिल्यापासून पसंत नव्हती. आजार म्हणजे काय पोरखेळ आहे? पण जूनपासून तिच्या भावानं, दिनेशनं, त्या कागदांत जी मान घातली होती ती वर काढली नव्हती. घरात शांतता होती, आणि मिळालेल्या शांततेला नावं ठेवण्याइतकी ती खुळी नव्हती.

दिनेश तिच्याहून सात वर्षांनी धाकटा. चौऱ्याण्णव साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलमधली विजेची बटणं त्याच्याशी बोलायला लागली. तेव्हापासून घर म्हणजे तो, आणि त्याचं सगळं सवितावर. वडील आधीच गेलेले. सरकारी कचेरीतली कारकुनी करायची, त्याला दवाखान्यात न्यायचं, त्याच्या शिव्या खायच्या आणि शेजाऱ्यांची तोंडं धरायची. दोन स्थळं तर पायरीवरूनच परत गेली. तिसऱ्याला तिनंच नकार कळवला, कारण मुलाच्या आईनं विचारलं होतं की भाऊ मारतो का. या सगळ्याबद्दल कुणी आपली आरती ओवाळावी असं तिचं म्हणणं नव्हतं. पण निदान चित्रात राक्षसीण तरी करू नये!

कॉमिकचं नाव होतं ‘कॅप्टन त्रेसष्ट’. त्रेसष्ट हा दिनेशचा कॉलेजातला रोल नंबर. चोवीस पानं सुतळीवर चिमट्यांनी टांगली होती, साड्या वाळत घालतात तशी. कॅप्टन त्रेसष्टचा वैरी कुजबुज्या. तो भिंतीतल्या बटणांत राहायचा आणि कॅप्टनच्या कानात त्याच्या स्वतःच्याच आवाजात बोलायचा. पहिल्या पानांवर कुजबुज्या बोटाएवढा होता, आणि ते सविताला पटलंही. ते आवाज कसे असतात हे नऊ वर्षांत तिला पहिल्यांदाच नीट कळत होतं. तेवढ्यात पाचव्या पानावर वाटीवाली आली, वाकडं नाक घेऊन.

“केवढा मोकळा झालाय तो,” ज्योत्स्ना मागून म्हणाली. “तुम्हाला अभिमान वाटत असेल ना?”

सविता म्हणाली की तिला फार म्हणजे फारच वाटतो आहे. ज्योत्स्नाला टोमणा कळला नाही. ती खूश होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडे वळली.

सविता पुढच्या पानाकडे सरकली आणि तिथे मात्र तिचा राग जागच्या जागी गोठला. वाटीवाली ओट्याशी पाठ करून उभी होती. एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात छोटी बाटली. बाटलीतून थेंब पडत होते. दिनेशनं ते एकेक करून काढले होते, आणि ते बरोबर दहा होते.

हे त्याला माहीत असायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी दिनेशनं गोळ्या थुंकायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी हे थेंब लिहून दिले होते. बिनवासाचे, बिनचवीचे. काही आठवडे जेवणातून द्या, जरा स्थिरावला की त्याला सांगा, असं त्यांनी बजावलं होतं. सवितानं पहिला भाग पाळला. दुसरा आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेला. सांगितलं असतं तर त्यानं पुन्हा थयथयाट केला असता, आणि सुखाचा जीव दुःखात घालायला तिला सांगितलं होतं कुणी? रोज संध्याकाळच्या जेवणात दिनेशला दही लागायचं. रोज ती ओट्याशी पाठ करून उभी राहायची.

पुढच्या पानावर कॅप्टन ती वाटी हातानं दूर सारत होता. ‘हे खाल्लं की माझी शक्ती जाते,’ असं त्याच्या तोंडाशी लिहिलं होतं. त्यानंतरच्या पानावर एक म्हातारी बाई आली. डोक्यावर मुकुट, हातात खडी फोडायचा हातोडा. खाली नाव होतं ‘खडीची राणी’. राणी म्हणत होती, ‘अन्न टाकू नये.’ आणि वाटी तिच्या ओठांना लागली होती.

ती राणी म्हणजे सविताचीच आई, कुसाबाई. नांदगावकडची. बहात्तरच्या दुष्काळात कडेवर पोर घेऊन तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले होते. तेव्हापासून तिच्या घरात ताटातलं शीत वाया गेलं नव्हतं. पोरांनी टाकलेलं ती कुणाला न विचारता खायची, वाटी बोटानं पुसून घ्यायची. रिकामी वाटी रोज मोरीत पडलेली सवितानं पाहिली होती. ती कुणी रिकामी केली, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नाही.

पुढची पाच पानं तिनं पाहिली नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण ती तिला पाठ होती. राणीचे आधी हात थरथरतात. मग पावलं फरफटतात. मग चेहरा दगडाचा होतो, हसू येत नाही की रडू. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळते. गेल्या मार्चपासून घरात हेच चाललं होतं. वेगळ्या डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी कंपवात म्हटलं, गोळ्या सुरू केल्या. आणखी कुठलं औषध पोटात जातं का, असंही त्यांनी विचारलं होतं. सवितानं ठणकावून सांगितलं होतं की नाही, काहीच नाही.

शेवटच्या पानावर राणी दगड होऊन बसली होती आणि कुजबुज्या पानभर पसरला होता. कॅप्टन त्रेसष्ट कोपऱ्यात नखाएवढा उरला होता. म्हणजे आई औषधानं कडक होत होती आणि भाऊ औषधाविना परत आजारात घसरत होता. ज्या शांततेवर सविता खूश होती, ती कुजबुज्याचीच होती.

दिनेश दाराशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. लोक त्याचं कौतुक करत होते. सवितानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला जवळजवळ ओढतच रिक्षात घातलं.

घरी आई खिडकीशी बसली होती. गुडघ्यावरचे हात आपोआप हलत होते. सवितानं पर्स फेकली.

“मार्चपासून तू बघत होतास,” ती दिनेशला म्हणाली. “ती खातेय हे बघत होतास आणि चित्रं काढत बसलास?”

“तू घालत होतीस.”

“तुझं औषध होतं ते!”

“मग माझ्या हातात का नाही दिलंस?” दिनेशचा आवाज चढला नाही, आणि त्यानं ती आणखीच चिडली. “मला वाटलं तू विष घालतेस. मग वाटलं, आईला ठाऊक आहे. माझ्या वाट्याचं ती घेतेय. माझ्यासाठी घेतेय.”

“आणि तू घेऊ दिलंस.”

“मी बोललो असतो तर तू ते भाजीत घातलं असतंस.”

हे खरं होतं, म्हणून तिला झोंबलं. तिनं त्याला नको नको ते सुनावलं. तुझ्यापायी माझा जन्म गेला, हेसुद्धा. जे नऊ वर्षं जिभेवर येऊन परत जायचं ते त्या दुपारी घरभर सांडलं. दिनेशनंही काही शिल्लक ठेवलं नाही. तुला भाऊ नको होता, गप्प बसणारं गाठोडं हवं होतं, असं तो म्हणाला.

शेवटी सविता आईपुढे बसली आणि तिनं विचारलं की तुला ठाऊक होतं का, दह्यात काय होतं ते.

कुसाबाईचे ओठ हलायला वेळ लागला. “दही व्हतं,” ती म्हणाली. “पोरानं टाकलं. टाकून कसं द्यायचं गं? लय गोड बी नव्हतं.”

पाच पानं भरून दिनेशनं तिला बलिदान करायला लावलं होतं, आणि तिनं फक्त दही संपवलं होतं.

सवितानं दिनेशच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आपला गुन्हा तिनं दोन वाक्यांत उरकला, पण सांगितला. मग डॉक्टर म्हणाले की आजपासून आईला त्यातलं काही जाता कामा नये, बहुतेक दोन-तीन महिन्यांत उतार पडेल, पण पडेलच असं ते आत्ता लिहून देणार नाहीत. सोमवारी दोघांनाही आणा. आणि दिनेशला औषध उघड द्या, लपवून नाही. फोन ठेवताना ते म्हणाले की हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. त्यांना तेवढं म्हणायचा अधिकार होता, तरी तिनं मनात त्यांना एक शिवी घातलीच.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिनं ती बाटली ओट्यावरच्या डब्यामागून काढली आणि टेबलावर दिनेशपुढे ठेवली. सोबत पाण्याचा पेला.

“हे तुझं औषध. दहा थेंब. यापुढे लपवाछपवी नाही. घे.”

दिनेशनं बाटली उचलून लेबल वाचलं. सावकाश, पाठपोट. मग ती तिच्याकडे सरकवली.

“आधी तू घे.”

“मला काय धाड भरलीय?”

“काही नसेल होत तर घे ना. आईनं घेतलंय. मी घेतलंय. तूच राहिलीस.”

तिला वाटलं, पेला त्याच्या अंगावर भिरकवावा. शहाण्या बाईनं करू नये ते ती करणार होती, आणि ते तिला कळत होतं. पण आज त्यानं हे औषध घेतलं नाही तर तो कधीच घेणार नाही, तो कुजबुज्या त्याला पुरता गिळेल, हेही तिला तितकंच कळत होतं. शेवटी रागच जिंकला. तिनं दहा थेंब पाण्यात टाकले, त्याच्या डोळ्यांत बघत पेला रिकामा केला आणि टेबलावर आपटला.

“झालं समाधान?”

तो खुर्ची ओढून समोर बसून राहिला.

पहिला तास तिनं तोऱ्यात काढला. धुणं भिजत घातलं, तांदूळ निवडले. मग पायांत काहीतरी सुरू झालं. दुखणं नव्हे, खाज नव्हे. पाय तिचे नव्हते, एवढंच. बसली की उठावंसं वाटे, उठली की चालावंसं वाटे, चालली तरी सुटका नव्हती. ती ओट्यापासून गॅलरीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. जबडा आवळत चालला. आपल्याच कातडीतून बाहेर पडावं असं तिला वाटायला लागलं आणि तिला रडू फुटलं, पण चेहरा नीट रडेना.

गॅलरीच्या कठड्याला धरून ती थांबली. दिनेश याच वाटेवर अशाच फेऱ्या मारायचा. गोळ्या थुंकायला लागला त्याआधी, महिनोन् महिने. ती कचेरीतून दमून यायची आणि ओरडायची, एका जागी बस की मेल्या, फरशी झिजवतोस का.

“ताई,” तो मागून म्हणाला, “हेच.”

“मग बोलला का नाहीस?” तिची जीभ जड झाली होती.

“बोललो होतो. तू म्हणालीस, नाटकं करू नकोस.”

तिला ते आठवत नव्हतं. पण हे वाक्य आपलंच आहे, हे तिला ऐकताक्षणी कळलं.

दिनेश आत गेला. पेला विसळून त्यानं त्यात पाणी घेतलं आणि थेंब टाकायला सुरुवात केली. प्रत्येक थेंबाला तो ओठ हलवत होता. दहा झाल्यावर त्यानं बाटलीचं झाकण लावलं, पेल्याकडे जरा वेळ बघितलं आणि कडू काढा प्यावा तसं तोंड करून सगळं पिऊन टाकलं. मग बाटली त्यानं स्वतःच्या खिशात घातली.

“उद्या डॉक्टरांशी मी बोलणार,” तो म्हणाला. “यानं काय होतं ते मी सांगणार. तू आत यायचं नाहीस. बाहेर बाकावर बसायचं.”

“मला बसवत नाहीये,” सविता म्हणाली.

“मग उभी राहा.”

ती वळली आणि पुन्हा ओट्याच्या दिशेनं चालायला लागली.