भैरूचा सत्कार

कोथरूडच्या सभागृहात प्रेरणादायी भाषणांचा दिवस होता आणि वक्त्यांत भैरूची लेक ऋतिका होती. भैरूला वाटलं, म्हणजे सत्कारच. सत्काराला भावकी हवी, म्हणून हा शहाणा लग्नासारख्या अक्षता घेऊन थोरल्या भावाच्या, रावसाहेबांच्या दारात गेला. दोघांचं बोलणं तुटलं होतं ते याच पोरीपायी. तिची दहावी होताच रावसाहेबांनी परस्पर तिचं लग्न ठरवलं होतं. भैरूनं ते भर भावकीत मोडलं आणि पोरीला शिकवलं. तेव्हापासून सूस गावात त्याला कुणी कार्याला बोलावत नव्हतं.

रावसाहेब आले, शेजारी बसले. भैरूची छाती फुगली. आज लेक खरं काय ते सांगेल, भावकी ऐकेल आणि गेलेला मान परत मिळेल, एवढीच त्याची आस होती.

"दहावीनंतर माझं लग्न ठरलं," ऋतिकानं सुरुवात केली. "ठरवणारे होते माझे वडील."

भैरूला आधी वाटलं, पोर गडबडली. पण ती सांगतच राहिली. वडिलांनी दप्तर चुलीत घातलं म्हणे, ती एकटीच लढली म्हणे, आणि शेवटी वडील बदलले म्हणे. लोक हळहळले. रावसाहेब उपरण्याची घडी नीट करत बसले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

भाषण संपवून ती खाली आली. भैरूनं तिला बाजूला घेतलं. "काय बोललीस गं हे?"

"पप्पा, प्लीज. चुलते म्हटलं तर स्टोरीत दम येत नाही, असं भाषण बसवणाऱ्या मेंटर म्हणाल्या. आणि काका परत रागावले असते."

"आन् मी?"

"तुम्ही काय, माझेच आहात ना!"

जिच्यासाठी भावकी सोडली, तिनंच त्याला भावकीसमोर तोंडघशी पाडलं होतं.

तेवढ्यात निवेदिकेनं पुकारलं, "ऋतिकाचे बदललेले बाबा इथेच आहेत! या, आपण दोन शब्द बोला." पोरीनंच हात धरून त्याला वर नेलं. माईक तोंडाशी आला. खरं बोलावं तर पोर चारचौघांत खोटी पडणार होती.

"चुकलं माझं," भैरू म्हणाला.

सगळं सभागृह उभं राहिलं. रावसाहेब तर थेट स्टेजवर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी धाकट्या भावाला माफ केलं.