बिनखुळखुळ्याचा साप

"आली एकदाची आमची गोगलगाय! चला, निघू या."

एवारिस्तोचं हे वाक्य ग्रिसेल्दाला आता पाठ झालं होतं. चार दिवस हेच चाललं होतं. एवारिस्तो आणि बाकीचे दोघं आपापल्या कयाक, त्या एकट्याने वल्हवायच्या होड्या, घेऊन पुढे जायचे, एखाद्या बेटाच्या सावलीत वल्ही आडवी टाकून संत्री खात बसायचे आणि मागून ही घामाघूम होऊन पोचली, की विश्रांती संपली! म्हणजे ज्यांना दम लागलेला नाही त्यांनी बसायचं आणि जिचा जीव कंठाशी आला तिने लगेच पुन्हा वल्हवायचं. हा कुठला न्याय? लोरेतो बंदरातून निघताना खिशात टाकलेलं तिचं संत्रं अजून तसंच होतं. सोलायला सवड मिळेल तर ना!

त्या संध्याकाळी मोन्सेरात बेटाच्या वाळूवर ती टॉर्टिया शेकत होती, तेव्हा एवारिस्तोने विषय काढला.

"हे बघ ग्रिसे, उद्याचा पल्ला मोठा आहे. दुपारचं वारं सुटायच्या आत कातालानाला टेकायला हवं. तुला काही ते जमायचं नाही. सकाळी मच्छीमारांची होडी मासळी घेऊन लोरेतोला जाईल, तिच्यातून तू परत जा."

तव्यावरची टॉर्टिया करपली तरी ग्रिसेल्दाचा हात हलला नाही. कातालाना! ही सगळी सहल मुळात तिच्याच डोक्यातून निघालेली. त्या बेटावरच्या विषारी सापाच्या शेपटीला खुळखुळा नसतो, त्याचे भाऊबंद शेपटी वाजवून सावध करतात आणि हा मात्र मुकाट असतो, हे ती आयुष्यभर शाळेत शिकवत आली होती. शिकवलं ढीगभर, पाहिलं काहीच नाही. आता निवृत्त झाल्यावर बेट समोर दिसायला लागलं, तर हे लोक तिला मासळीबरोबर घरी पाठवायला निघाले!

"भल्यासाठीच सांगतोय गं तो," तेन्चा म्हणाली. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. तेन्चाचा नवरा फेर्मीन गिटारच्या तारा पिळत नुसती मान डोलवत होता.

"आणि हो," एवारिस्तो म्हणाला, "जायच्या आधी पाण्याचे कॅन तेवढे आमच्याकडे टाकून जा."

ग्रिसेल्दाच्या डोक्यात तिडीक गेली. चौघांचं पिण्याचं, रांधण्याचं सगळं पाणी तिच्या एकटीच्या कयाकमध्ये होतं. निघताना तेन्चाच म्हणाली होती, 'तुझी ऐसपैस आहे बाई, तुझ्याकडेच राहू दे.' कालच मच्छीमारांच्या तळावर सगळे कॅन पुन्हा काठोकाठ भरून घेतले होते. ते ओझं ओढत ती मागे पडायची आणि रोज तिच्याकडूनच बाटल्या भरून घेणारे तिला गोगलगाय म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा!

ती उठली आणि एकेक कॅन काढून वाळूवर आदळायला लागली.

"हे तुझे. हे तुझे, तेन्चा. फेर्मीन, ती गिटार कुठे ठेवायची ते तुझं तू बघ, पण हे तुझे. ज्याचं त्याने वाहायचं. आणि उद्या मी येणार आहे. बघते कोण अडवतं!"

एवारिस्तोने एक कॅन उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला.

"अगं, एवढं जड होतं तर चार दिवस बोलली का नाहीस? आम्हाला कळणार कसं?"

चोराच्या उलट्या बोंबा! ग्रिसेल्दा पाठ फिरवून तंबूत गेली.

सकाळी समुद्र गप्प होता. तिची कयाक वल्ह्याच्या एकेका फटक्यासरशी सुळकन पुढे सरकत होती. आपल्या अंगात एवढं बळ आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. मधूनमधून ती थांबायची, मागे तिघं दिसताहेत ना बघायची आणि पुन्हा वल्हं मारायची. कातालानाच्या टोकाला ती सगळ्यांच्या आधी टेकली. खडकावर बसून तिने संत्रं सोललं आणि एकेक फोड चवीने खाल्ली. पार सुकलं होतं मेलं, तरी गोड लागलं.

तेन्चा आणि फेर्मीन धापा टाकत आले. एवारिस्तो सगळ्यात शेवटी. त्याच्या अरुंद कयाकवर वरून बांधलेले कॅन डुलत होते आणि तोंड लालबुंद झालं होतं. त्याचा पाय वाळूला लागतो न लागतो तोच ग्रिसेल्दा वल्हं घेऊन उभी राहिली.

"आली एकदाची आमची गोगलगाय! चला, निघू या. मुक्काम त्या वळणापलीकडे आहे."

"थांब गं जरा. हात गळून पडताहेत माझे."

"माझेही पडत होते. रोज."

तेन्चा खाली मान घालून वाळू उकरत बसली. एवारिस्तो अडखळत वर गेला. तिथे माणसापेक्षा उंच, पिंपासारखं जाडजूड निवडुंग होतं, त्याच्या सावलीत तो टेकणार तोच त्याने किंचाळून मागे उडी मारली.

"साप! आईशप्पथ, साप! हा वाजला का नाही? कळणार कसं माणसाला?"

ग्रिसेल्दा हळूच जवळ गेली. राखी वेटोळं, बारीक शेपूट, टोकाला काही नाही. तिने त्याला डोळे भरून पाहिलं. मग मान न वळवताच म्हणाली,

"बघून बसायचं, एवारिस्तो."