पोर्ट हेडलंडची भरती

पोर्ट हेडलंडच्या बंदरगावी पोहोचल्यावर तळावर कॅरावॅन, म्हणजे गाडीला जोडलेलं चाकांवरचं घर, मागे घेताना रॉसने नळाचा खांब आडवा केला, आणि खाली उतरून दोष नळालाच दिला. ग्लेनिस हसली खरी, पण आतून चरकली. चाळीस वर्षं गव्हाचे ट्रक चालवलेल्या तिच्या नवऱ्याने पाडलेला हा आठवड्यातला तिसरा खांब. बेंडिगोचं घर इथून साडेचार हजार किलोमीटर, आणि कॅरावॅन जोडलेली गाडी तिने जन्मात चालवली नव्हती. रॉस हात लावू देईल तर ना.

दुपारी घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन दोघं किनाऱ्यावर जाऊन बसली. लोहखनिजाने ठासून भरलेली जहाजं पूर्ण भरतीलाच बाहेर पडतात. ती बघायची म्हणूनच तर रॉसने हा सगळा खटाटोप मांडला होता. इथली तांबडी धूळ कुणाला सोडत नाही. छपरं, कुत्री, ग्लेनिसचे पांढरे केससुद्धा गुलाबी झाले होते. पलीकडे मिठागरातला मिठाचा डोंगर उन्हात तरंगत होता. आपण जागे आहोत की डुलकी लागली आहे हे तिला नीटसं कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

“निघालं बघ,” रॉस म्हणाला. “पोट पार पाण्यात बुडालंय. पुढे ओढायला टगबोट, मागे टगबोट. काय थाट आहे बेट्याचा.”

ग्लेनिसने बघितलं. तो बोट दाखवत होता तिथे नुसतं पाणी चकाकत होतं. जहाज धक्क्यावरून हललंही नव्हतं.

‘हो रे, छान दिसतंय’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण उद्या हमरस्त्यावर याच डोळ्यांसमोर चार-चार डबे ओढणारे ट्रक येणार होते.

“रॉस, तिथे काही नाहीये.”

त्याचा हात हळूहळू खाली आला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“ब्रूम गावाला पोहोचायच्या आधीपासून. नजरेच्या मधोमध डागच पडतो गं. कडेकडेचं तेवढं दिसतं, बाकी अंदाजाने ठोकून देतो.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं? मारलं असतंस की दोघांना.”

“सांगितलं असतं तर तू तिथूनच परत फिरवलं असतंस. मला एकदा इथवर यायचं होतं.”

थर्मास त्याच्या डोक्यावर उपडा करावा इतका तिला राग आला, आणि त्याच वेळी रडूही आलं. तिने हात पुढे केला. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली, पण सोडली नाही. मग सोडली.

तेवढ्यात भोंगा झाला. जहाज आता खरंच निघालं होतं. तिने त्याची हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलं.

“दिसतंय?”

“नाही. तू सांग.”

ती सांगू लागली. टगच्या दोऱ्या कशा ताणल्या, डेकवरचा एक माणूस कसा हात हलवतोय, पाणी कसं दुभंगतंय. जहाज क्षितिजापाशी पुसट झालं, मग दिसेनासं झालं, तरी ती सांगतच राहिली. थांबली असती तर त्याला उठावं लागलं असतं, आणि गाडीत दुसऱ्या बाजूने चढावं लागलं असतं.